शंभर वॉटची दुपार

"तू बँड सोडला नसतास तर आज कुठच्या कुठे असतीस," असं कुणी म्हटलं की आत्याचं उत्तर ठरलेलं असतं. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." मग वरच्या ओठावरून बोट फिरवून ती पुढे म्हणते, "तशा येतायत म्हणा आता." की विषय संपला. या आत्याबद्दलच सांगायला बसले आहे, आणि तिला जर-तरची भाषा चालत नाही, म्हणून जे झालं तेवढंच सांगते. मधेमधे आवाज चढला तर समजून घ्या. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर परक्या माणसाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणाऱ्या बाईकडून फार गोडव्याची अपेक्षा ठेवू नये.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. बाबा तिला अजून "छोटे" म्हणतात, आणि छोटीने साठी केव्हाच ओलांडली आहे. ऐन तारुण्यात ती एका बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. क्लबातले नाच, बड्या लोकांच्या पार्ट्या, हॉटेलांचे हॉल. पहिल्या दिवशी गेली तेव्हा मॅनेजरने विचारलं, "गाणार का?" ही म्हणाली, "वाजवणार." तो म्हणाला, "काय, टाळ्या?" आत्या ही गोष्ट सांगताना पुढचं काही सांगत नाही, फक्त हसते. तो मॅनेजर पुढे तिची गिटार स्वतः उचलून आणायचा एवढं मात्र मला दुसऱ्या कुणाकडून कळलं.

त्या बँडकडे एक मोठा ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर होता. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या त्यात होत्या. बटण दाबल्या दाबल्या त्यातून आवाज यायचा नाही. नळ्या हळूहळू नारिंगी व्हायच्या, पेटी गरम व्हायची, मग कुठे वाजवायचं. थंडीत सगळा बँड त्याच्या पाठीमागे हात शेकत उभा राहायचा. आत्याच्या गोष्टींत बँडमधल्या माणसांची नावं इकडची तिकडे व्हायची, पण त्या अ‍ॅम्पची तब्येत, त्याचे लाड, त्याचं रुसणं तिला सगळं पाठ होतं.

मी नीट चालायलाही लागले नव्हते तेव्हा माझी आई गेली. आत्या एक पिशवी आणि एक गिटार घेऊन आमच्याकडे आली, चार दिवसांसाठी. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

बाबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात यंत्रावर होते. कायमची रात्रपाळी. दिवेलागणीला घर सोडायचे आणि सकाळी बोटांना शाई घेऊन परत यायचे. बँडचं काम सगळं संध्याकाळनंतरचं. दोघंही संध्याकाळी बाहेर पडले तर पोरगी कुणाकडे ठेवायची? आत्याने बँडला येत नसल्याचा निरोप धाडला आणि मी शाळेत जायला लागल्यावर कपडे धुणाऱ्या एका दुकानात अल्टरेशनचं काम धरलं. सकाळी मला शाळेत सोडायचं, दुपारपर्यंत लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि कोटांना अस्तर लावायचं, मग मला घेऊन घरी यायचं. तिच्या डाव्या हाताची बोटं तारांनी निबर झाली होती, उजव्या हाताची सुईने. मला न्हाऊ घालताना दोन्ही हात सारखेच खरखरीत लागायचे.

आम्ही घरी यायचो तेव्हा बाबा झोपलेले असायचे. त्यांची झोप हा आमच्या घराचा कायदा होता. दारावरच्या घंटीला आत्याने फलाटीनच्या मऊ कापडाचा तुकडा बांधला होता. चमचे फडक्यावर ठेवायचे. कुकर लावायचा तो बाबा उठल्यावर. मी शाळेतून रडत आले तरी रडणं जिन्यातच उरकून यायचे. आमच्याकडे भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची, आणि सांगते, कुजबुजत भांडायची सवय लागली की माणूस फार लागट बोलायला शिकतं. कारण आरडाओरडा करून वेळ मारून नेता येत नाही, शब्दच नेमका शोधावा लागतो.

अशा घरात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची कशी? तर तशीच. वायर न जोडता. अ‍ॅम्प बँडचा होता, तो बँडबरोबर गेला. नुसती गिटार उरली. इलेक्ट्रिक गिटार आतून भरीव लाकडाची असते, पोकळ नसते, त्यामुळे वायर नसली तर तिचा आवाज अगदीच केविलवाणा येतो. मी तोच ऐकत मोठी झाले. शाळेत बाईंनी विचारलं, "गिटारचा आवाज कसा असतो?" तर मी हात वर करून सांगितलं, "बारीक." वर्ग हसला. मला कळेना, हसण्यासारखं काय होतं.

आत्याने त्यावर एक तोडगा काढला होता. आमच्या दोन खोल्यांच्या मधे भिंत नव्हती, जमिनीपासून छताला टेकेल एवढं एक लाकडी कपाट होतं. धुणं वाळत घालून झालं की ती कपाटाशी स्टूल ओढून बसायची आणि गिटारचं डोकं, म्हणजे जिथे तारा पिळतात ते टोक, कपाटाच्या दाराला टेकवायची. मग ते अख्खं कपाट वाजायचं. मोठ्याने नाही, पण तिला स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येण्याइतकं. मी दाराला गाल लावून बसले की दात हुळहुळायचे. तिचा ठाम विश्वास होता की मधे एवढे कपडे, गोधड्या आणि थंडीच्या शाली भरलेल्या आहेत, तेव्हा आवाज पलीकडच्या खोलीत जाऊच शकत नाही. पलीकडे बाबांची खाट होती. ते कधीच मधे उठले नाहीत, त्यामुळे तिचा विश्वास आणखी पक्का झाला. बाबा उठायच्या आत गिटार पुन्हा कपाटात जायची. ते उठून चहा मागायचे, आणि घरात कुणी काही वाजवतं याचा मागमूसही राहायचा नाही.

माझं शिक्षण, माझी नोकरी, मग स्वतःची गाडी घेऊन तिच्यावर पाटी लावणं, हे सगळं त्या दोन खोल्यांतून झालं. मी लग्न करून दोन रस्ते पलीकडे राहायला गेले, तरी माझं अर्धं जेवण अजून तिथेच होतं. आणि मग बाबांच्या निवृत्तीच्या सुमाराला आमच्या घरात बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या.

पहिली गोष्ट कपाटाची. त्याला वाळवी लागली. सुताराने एक फळी ओढली तर ती हातात भुगा होऊन आली. त्याने हात टेकले. कपाट गेलं आणि त्या जागी विटांची पक्की भिंत आली. दुसरी गोष्ट बाबांच्या झोपेची. जन्मभर रात्रपाळी केलेला माणूस, आता रात्री झोपेल, दिवसा जागेल, असं आम्ही धरून चाललो होतो. ते ना रात्री झोपत ना दिवसा. दुपारी आडवे व्हायचे, कूस बदलायचे, उठून खिडकीशी जायचे, पुन्हा आडवे व्हायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी डोकं जड व्हायचं आणि झोप काही यायची नाही. डोळे खोल गेले. वजन उतरलं. एकदा रस्ता ओलांडताना भर चौकात मधेच थांबले आणि कुठे चाललो होतो ते आठवेना, तेव्हा मात्र मी घाबरले.

आणि आत्याने वाजवणं बंद केलं. बाबा आता दुपारी जागे असायचे ना. जागत्या माणसासमोर वाजवायची तिला सवयच राहिली नव्हती. गिटार खोळीत घालून तिने पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "झालं की वाजवून. आता काय राहिलंय."

तिसरी गोष्ट बाबांच्या कानांची. छापखान्याच्या यंत्रांनी त्यांचे कान आधीच खाल्ले होते. डाव्या कानात यंत्र होतं, ते वेळी अवेळी शिट्टी मारायचं. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत येताना ते माझ्या शेजारी, म्हणजे शिकाऊ लोकांचा जीव वाचवायला जिथे जादा ब्रेक बसवला आहे त्या सीटवर, बसले होते. कानातलं यंत्र काढून रुमालाने पुसलं, परत लावलं. मग म्हणाले, "उजवा तर गेलाच. डावाही फार दिवस साथ देणार नाही म्हणतायत."

"हो, ऐकलं मी," मी म्हटलं.

"तो पुरता जायच्या आत छोटीचं एकदा नीट ऐकायचंय."

एवढी वर्षं एका छताखाली काढली आणि या माणसाने आपल्या बहिणीचं वाजवणं ऐकलेलंच नाही, कारण तिने ते ऐकू येणार नाही याचीच काळजी घेतली. मला रडू आलं की मी रागावते. म्हणून मी त्यांना म्हटलं, "आधी पट्टा लावा."

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी जाहीर केलं. "छोटे, तुला अ‍ॅम्प घ्यायचाय. ट्यूबचा. तुमच्या बँडकडे होता तसा. मोठ्यातला मोठा."

आत्याचा घास हातातच राहिला. "या वयात मला भोंगा कशाला, दादा?"

"मला ऐकायचंय."

"मग शेजारच्यांचा रेडिओ ऐक. तो बराच मोठा असतो." पण जेवण झाल्यावर ती पलंगाखालून गिटार काढून फडक्याने पुसत बसली, ते मी पाहिलं.

वाद्यांच्या दुकानात आम्ही तिघं गिटार घेऊन दुपारच्या निवांत वेळी गेलो. दुकानदार चाळिशीचा, केसांची लांब वेणी घातलेला, गळ्यात वायरींच्या माळा. माणूस सज्जन निघाला. त्याने आत्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "मावशी, कुठे वाजवणार? घरी की बाहेर?"

"घरी," आत्या म्हणाली.

"मग हा बघा." त्याने कोपऱ्यातली एक छोटी पेटी दाखवली. "पाच वॉट. ट्यूबचाच आहे. घरात हाही पूर्ण आवाजावर नेता येणार नाही तुम्हाला. ट्यूबचे वॉट दिसतात थोडे, पण अंगावर येतात."

"तो मोठा," बाबांनी थेट मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक काळीकभिन्न जोडी उभी होती. खाली चार स्पीकरांची पेटी आणि तिच्यावर ठेवलेलं, नळ्या-बटणांचं अ‍ॅम्पचं डोकं.

दुकानदार हसला. "काका, तो शंभर वॉटचा आहे. मैदानात वाजवतात तो. घरात लावलात तर शेजारी पोलीस घेऊन येतील."

"कितीला?" बाबांनी विचारलं.

आता मला राहवेना. "बाबा, वाजवायचं तिला आहे. आधी तिला तरी विचारा. सगळं आयुष्य तिने तुमच्या झोपेच्या वेळा बघून काढलं, आता अ‍ॅम्पही तुमच्याच मापाचा घ्यायचा का?"

आत्याने माझ्या हातावर हळूच चापट मारली, गप्प बस म्हणून. तिची काही गरज नव्हती. बाबांना माझं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. त्यांनी तेवढ्यात कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं.

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या दुकानात आजवर कानात बोटं घालणारी माणसं आली असतील. अ‍ॅम्प निवडायला आलेला माणूस आपले कानच काढून खिशात टाकतो, हे त्याला नवीन होतं. मलाही होतं.

आत्याने छोटा अ‍ॅम्प लावला. नळ्या तापेपर्यंत थांबली, मग गिटार जोडून हळूच दोन-चार सूर वाजवले. वायर जोडलेली गिटार तिच्या हातात मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. तो आवाज बारीक नव्हता. गरम होता, गोल होता, आणि तिची बोटं जरा घाबरलेली होती. मी माझ्या शाळेतल्या त्या वर्गाला मनात दोन शब्द ऐकवले.

बाबांनी मात्र ऐकायचा प्रयत्नही केला नाही. ते उठले, गुडघ्यांवर हात देत खाली जमिनीवर बसले, आणि त्या छोट्या पेटीला पाठ टेकली. डोळे मिटले. थोड्या वेळाने मान हलवली. "हे नाही."

दुकानदाराने दुसरा लावून दिला. त्यात नळ्या नव्हत्या, नुसती बटणं आणि दिवे होते. बाबा सरकत सरकत त्याच्याशी गेले, पाठ टेकली. "हे तर अजिबातच नाही."

तिसरा ट्यूबचा, मधल्या आकाराचा. याला बाबांनी जास्त वेळ दिला. डोकंही मागे टेकवून पाहिलं. "जवळ आलंय," म्हणाले. "पण पाठीच्या वरच्या भागातच येतंय. खाली येत नाही."

"काका नक्की काय शोधतायत?" दुकानदाराने मला हळू आवाजात विचारलं. मी खांदे उडवले. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता. नवीन विजारीत फरशीवर फतकल मारून बसलेला आपला बाप बघून कुणाला काय वाटणार?

शेवटी दुकानदाराने तो काळा शंभर वॉटचा चालू केला. एक खटका दाबला, नळ्या तापू दिल्या, मग दुसरा दाबला. आवाजाचं बटण जेमतेम हलवलं. मग आत्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही वाजवलेला दिसतोय असा. तुम्हाला माहीतच असेल."

आत्या त्या पेटीकडे बघत होती. तिने हात पुढे करून अ‍ॅम्पच्या पाठीमागे धरला, शेकल्यासारखा. "लोकांना वाटतं मोठा अ‍ॅम्प मोठ्याने वाजवायला असतो," ती म्हणाली. "हळू वाजवलेलंसुद्धा अंगभर लागावं म्हणून तो असतो. आम्ही कधी अर्ध्याच्या वर नेला नाही." मग जरा ओशाळून म्हणाली, "पण घरात नको हो. वेडेपणा आहे."

बाबा तोवर त्या मोठ्या पेटीला टेकून बसले होते. डोकं, पाठ, कंबर, सगळं. त्यांनी डोळे मिटले आणि हातानेच सांगितलं, वाजव.

आत्याने एक खालचा सूर छेडला. माझ्या पायाखालची फरशी हलली. काचेच्या कपाटातल्या बासऱ्या एकमेकींना लागून किणकिणल्या. बाबांचा चेहरा बदलला. कसा ते सांगता येत नाही. इतके दिवस कपाळावर जी आठी होती ती गेली.

"हे," ते म्हणाले. "हेच. आता ते दुपारचं वाजव."

"कुठलं दुपारचं?" आत्याने विचारलं. मग ते ऐकू शकत नाहीत हे लक्षात येऊन तिने वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि तोंड मोठं करून पुन्हा विचारलं, "दादा, कुठलं?"

"ते गं. धुणं वाळत घातलंस की आधी तेच वाजवायचीस. सुरुवातीला तीनदा खाली यायचीस आणि मग एकदम वर जायचीस. त्या वरच्या जागी कधीकधी चुकायचीस."

आत्या नुसती बघत राहिली.

"तू झोपलेला असायचास," ती शेवटी म्हणाली. बाबांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं.

"झोपलेलोच असायचो. त्याच्यावरच झोप लागायची मला." आपण किती मोठ्याने बोलतोय याचा त्यांना अंदाज नव्हता, त्यामुळे ते सगळ्या दुकानाला ऐकू जात होतं. "खाटेची उशाकडची बाजू कपाटाला लागून होती ना. तू वाजवायला लागलीस की खाट गुणगुणायला लागायची. छापखान्यातून आलो की डोक्यात ती यंत्रं धडधडत राहायची, कितीही पडलो तरी थांबायची नाहीत. तुझं सुरू झालं की ती थांबायची. सुट्टीच्या दिवशी तू बाजारात जायचीस, त्या दिवशी माझा डोळा लागायचा नाही."

"मग बोलला का नाहीस कधी?"

हा प्रश्न त्यांना वाचताही आला नसेल, पण त्यांनी उत्तर त्याचंच दिलं. "बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, अगंबाई, दादाची झोपमोड होते. आणि बंद केलं असतंस. तुला मी ओळखत नाही होय?"

आणि माझी ट्यूब त्या क्षणी पेटली. कपाट गेलं. त्या जागी विटांची भिंत आली. बाबा घरी बसले म्हणून आत्याने गिटार खोळीत घातली. आणि आम्ही झोपेच्या गोळ्या बदलत बसलो. कान जायच्या आत ऐकायचंय असं ते म्हणाले, तेव्हा मला वाटलं होतं की या माणसाने तिचं कधी ऐकलेलंच नाही. त्यांनी रोज ऐकलं होतं. कानांनी नव्हतं ऐकलं, एवढंच.

आत्याने पदराने डोळे पुसले. मग एकदम काहीतरी आठवून कंबरेवर हात ठेवले. "म्हणजे इतकी वर्षं माझ्या सगळ्या चुका ऐकत होतास?"

बाबांना कळलं. "चुकलीस की मी कूस बदलायचो," ते म्हणाले.

आत्या हसली. दुकानदार हसला. मला हसू आणि रडू एकदम आलं आणि रागावायला काहीच सापडेना, म्हणून मी दुकानदाराला विचारलं की ही पेटी जिन्यावरून चढवायला माणसं कोण देणार. तो काही बोलायच्या आत आत्या खुर्चीत सरळ बसली आणि तिने स्वतः सांगितलं, "हाच द्या. शंभरचाच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघतेस काय? दादाच्या मापाचा आहे. पण वाजवणार मी आहे."

दुकानाच्या टेम्पोतून पेटी निघाली. बाबा माझ्या गाडीत बसायला तयार होईनात. ते टेम्पोच्या मागच्या बाजूला पेटीशेजारी बसले, एक हात तिच्यावर ठेवून. मी मागून गाडी चालवत होते, सिग्नलला ते मला दिसायचे. शाईने जन्मभर काळी राहिलेली ती बोटं आता स्वच्छ होती. मला वाटलं, या दोघांनी एकमेकांसाठी जे केलं ते एकमेकांना सांगितलं असतं तर काय झालं असतं? आणि मग वाटलं, आत्याबाईला मिशा असत्या तर. त्यांनी सांगितलं नाही म्हणून तर ते टिकलं. आणि त्या न सांगितलेल्यात मी खाऊनपिऊन, शिकून, मोठी झाले. आईविना वाढले असं लोक माझ्याबद्दल म्हणतात. मला कधी तसं जाणवलं नाही, आणि ते का जाणवलं नाही हे मला त्या टेम्पोच्या मागे कळत होतं. या दोघांचे उपकार फेडायला मी कुठून सुरुवात करणार?

पेटी वर चढवताना जिन्यात सगळ्यांची दारं उघडली. खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात, अतिशय शांत, डोळ्याला भिंग लावून टकमक बघणारे. त्यांनी विचारलं, "फ्रीज घेतला का?" मी म्हटलं, "तसंच काहीसं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम शिकवणीला सुट्टी दिली. आत्याने नेहमीसारखं धुणं वाळत घातलं. बाबांनी तोवर खाट ओढून उशाकडची बाजू पेटीच्या पाठीला घट्ट लावली होती, आणि मधे फट राहू नये म्हणून एक जुनं पुस्तक ठोकून बसवलं होतं. कानातलं यंत्र डबीत ठेवून ते आडवे झाले. आत्या स्टूल घेऊन बसली. तिने पहिला खटका दाबला. आम्ही तिघंही वाट बघत राहिलो, नळ्या मागच्या जाळीतून हळूहळू नारिंगी झाल्या. मग तिने दुसरा दाबला आणि आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं.

आधी अगदी थोडा. बाबांनी डोळे मिटूनच तळहात वर केला, आणखी. तिने आणखी फिरवलं. पुन्हा तळहात. खिडकीच्या काचा बोलायला लागल्या तेव्हा कुठे हात खाली आला.

तिने ते दुपारचं वाजवलं. तीनदा खाली आली आणि मग एकदम वर गेली, न चुकता. जी धून मी गाल लावून दातांनी ऐकली होती ती अख्ख्या खोलीत उभी राहिली. मला माझी शाळा आठवली, फडक्यावर ठेवलेले चमचे आठवले, जिन्यात उरकलेलं रडणं आठवलं. फलाटीन बांधलेली ती घंटी अजून दारावर होती. तिचा आवाज दबका येतो खरा, पण ती वाजली एवढं मला कळलं.

दार उघडलं तर घड्याळवाले, भिंग कपाळावर चढवून. मी भांडायच्या तयारीतच होते, आणि या वेळी मोठ्याने भांडता येणार होतं. पण ते रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. "माझ्या टेबलावरचे सगळे स्क्रू एका बाजूला सरकतायत," ते म्हणाले. "काय आहे हे?"

मी बाजूला झाले. त्यांनी आत पाहिलं. आत्या वाजवत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला तिचे हात रिकामे नव्हते. तिच्या पलीकडे खाटेवर बाबा. तोंड किंचित उघडं, एक हात छातीवर, छाती संथ वरखाली होत होती. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. शंभर वॉटच्या पेटीला डोकं लावून ते गाढ झोपले होते.

घड्याळवाल्यांना काय कळलं कोण जाणे. ते नकळत कुजबुजले, "जरा कमी करता येईल का?"

आत्याने तारांवरचा हात न थांबवता आमच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या झोपेसाठी तिने घरातला प्रत्येक आवाज दाबला, त्या झोपेकडे तिने एकदा मान वळवली. मग ओठांवर बोट ठेवता येत नव्हतं म्हणून नुसत्या डोळ्यांनी आम्हालाच गप्प राहायला सांगितलं, आणि सवयीने, कुजबुजत म्हणाली,

"आता नको हो. थांबले तर जागा होईल तो."